खटल्याची माहिती दलालाविना मिळते

‘कोर्टातली माहिती दलालाशिवाय मिळत नाही’ हे पत्र वाचले. ते पटले नाही. ई-कोर्ट्स संकेतस्थळावर महाराष्ट्र, नंदुरबार आणि न्यायालय संकुल निवडून पक्षकाराच्या नावाने किंवा पोलीस ठाणे व एफआयआर क्रमांकाने खटला सापडतो. पुढची तारीखही फुकट दिसते. मात्र आपल्याकडे पाडवी, वळवी, वसावे ही आडनावे गावोगावी आहेत. नुसत्या नावावरून कुणाला आरोपी ठरवू नका, एफआयआर क्रमांक पडताळा. प्रमाणित प्रतीसाठी नक्कल विभागात अर्ज करावा लागतो; पण कारावासाची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालपत्र विनामूल्य द्यावेच लागते (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३, कलम ४०४). धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर रेंज नसते, हा पत्रलेखकाचा मुद्दा रास्तच. त्यासाठी ग्रामपंचायतींनी ही माहिती काढून देण्याची सोय करावी.

– एक वाचक, शहादा