पात्राचे नाव आणि काळाची साक्ष

ऐतिहासिक कथा-कादंबरीची चर्चा करताना आपण कथानक, व्यक्तिचित्रण, वातावरणनिर्मिती यांचा ऊहापोह करतो. पात्रांच्या नावांचा विचार मात्र क्वचितच होतो. नाव ही लेखकाच्या आवडीनिवडीची बाब, असा एक समज त्यामागे असावा. प्रस्तुत टिपणात या समजाविषयी काही विचार मांडावयाचे आहेत.

निमित्त अगदी साधे घडले. नाशिक रोड येथील आमच्या पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील नाशिकवर कथा लिहून आणली. तीत राजपुत्र रणधीर होता, नायिका मृणालिनी होती, धोंडू नावाचा कोळी होता आणि भरुकच्छ बंदरातून आलेला ज्युलियस नावाचा रोमन व्यापारीही होता. कथेचा घाट चांगला होता. परंतु या चार नावांनी तिचा काळ पुसून टाकला होता.

प्रथम रोमन व्यापाऱ्याचे पाहू. 'ज्युलियस' हे व्यक्तीचे नाव नव्हे, ते कुळाचे नाव होय. गायस ज्युलियस सीझर या नावात गायस हे व्यक्तिनाम, ज्युलियस हे कुलनाम आणि सीझर हे त्या कुळातील शाखेचे नाव. पुरुषांची प्रचलित व्यक्तिनामे दीड डझनाच्या आसपासच होती. माणसाची खरी ओळख कुळाने होई. प्रजासत्ताकाच्या काळात स्त्रीला तर सामान्यतः कुलनामाचे स्त्रीलिंगी रूपच मिळे. सीझरच्या दोन्ही बहिणी ज्युलिया आणि त्याची कन्याही ज्युलियाच. सिसेरोने आपल्या टिरो या गुलामाला मुक्त केले, तेव्हा तो मार्कस टुलियस टिरो झाला. मुक्ततेबरोबर धन्याचे कुलनामही त्याच्या वाट्यास आले. म्हणजे रोमन पात्राचे बारसे करण्यापूर्वी ते स्वतंत्र की मुक्त केलेले, कोणत्या कुळातील, स्त्री की पुरुष, हे लेखकाला ठरवावेच लागते. नाव शोधणे म्हणजे त्या पात्राचे समाजातील स्थान शोधणे होय.

हीच कसोटी आपल्या भूमीला लावली तर काय आढळते? त्यासाठी फार दूर जावयास नको. त्रिरश्मी डोंगरावरील पांडवलेण्यांत त्या काळातील माणसांची नावे खडकावर कोरलेली आहेत. राजा गौतमीपुत्र सातकर्णी आणि त्याचा पुत्र वासिष्ठीपुत्र पुळुमावी यांची नावे मातेच्या गोत्राने ओळखली जातात. यावरून मातृसत्ता होती असे अनुमान काढणे धाडसाचे ठरेल. पण 'राजपुत्र रणधीर' या नावात ही प्रथा कोठेच उमटत नाही. चैत्यगृहाच्या लेखात भटपालिका ही स्त्री स्वतःच्या नावाने उभी आहे. ती कोणाची कन्या, कोणाची पत्नी, कोणाची माता हे त्या नावाभोवती सांगितले आहे. मुगुदास हा 'दासक', म्हणजे अभ्यासकांच्या अर्थानुसार कोळी. तोही एका लेण्याचा दाता आहे. 'धोंडू' या नावाने आपण त्याला अडाणी ठरवून मोकळे होतो. राजघराण्याला संस्कृत नावे आणि कष्टकऱ्यांना ग्रामीण नावे, ही वाटणी त्या काळाची नसून आपली आहे.

यापुढचा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. उषवदात हा क्षत्रप नहपानाचा जावई. त्याच्या पित्याचे नाव दीनीक हे परके, पुत्राचे नाव मात्र ऋषभदत्त या संस्कृत नावाचे प्राकृत रूप. एका पिढीत घराणे येथे कसे रुजले, हे या दोन नावांतच वाचावयास मिळते. उत्तरेकडील दत्तामित्री नगराचा एक रहिवासी स्वतःला 'योनक' म्हणवितो. त्याचे नाव इंद्राग्निदत्त, पित्याचे धर्मदेव, पुत्राचे धर्मरक्षित. आपल्यापैकी कोणी हे पात्र रंगविले असते तर त्याला खचितच ग्रीक नाव दिले असते! आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता ही शक अग्निवर्म्याची कन्या रुग्ण भिक्षूंच्या औषधासाठी ठेव ठेवते. नाव विष्णूचे, कुळ शकाचे आणि दान बौद्ध संघाला.

येथे एक आक्षेप संभवतो. अशी नावे वाचकाच्या जिभेवर रुळत नाहीत आणि साहित्यकृती म्हणजे शिलालेखांचा संग्रह नव्हे. आक्षेप अगदीच गैरवाजवी नाही. देवलांनी 1890 साली 'ऑथेल्लो'चा 'झुंजारराव' केला, कारण त्यांना ते नाटक येथील करावयाचे होते. पुढे नाशिककर शिरवाडकरांनी मूळचेच नाव राखले. दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत, कारण दोहोंतही लेखकाने आपली भूमिका उघड केली आहे. कथा दुसऱ्या शतकातील म्हणून सांगावयाची आणि नावे मात्र अलीकडच्या रंगभूमीची द्यावयाची, यात तो प्रामाणिकपणा राहत नाही. शिवाय नोंदलेल्या व्यक्तीचेच नाव उचलले पाहिजे असेही नाही. दत्त, मित्र, सिरी, रखित, पालिका असे घटक लेखांत विखुरलेले आहेत. त्यांतून नागसिरी किंवा धम्ममित्र अशी सुबोध नावे कल्पिता येतील.

आज आपण आडनाव ऐकताच माणसाची जात, धर्म आणि मूळ गाव जोखू लागतो. इंद्राग्निदत्त आणि विष्णुदत्ता या सवयीला दाद देत नाहीत. त्यांच्या जागी रणधीर आणि मृणालिनी आणून बसविले की पूर्वजांचा तो मिश्र, प्रवाही समाज नाहीसा होतो आणि आपल्याला हवा तसा एकजिनसी भूतकाळ तयार होतो. त्या विद्यार्थिनीला मी कथा पुन्हा लिहावयास सांगितले नाही; एकदा लेणी पाहून यावयास सांगितले. परत आल्यावर तिने पहिला बदल कोळ्याच्या नावात केला. त्यासरशी त्याचे संवादही बदलले, कारण आता तो एका लेण्याचा दाता होऊ शकत होता.