पंक्तीतला वाटा

सणाचे जेवण घरीच रांधावे, याविषयी उज्जयिनीतील आम्हां मराठी मंडळींत दुमत नाही. राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी अठराव्या शतकात महाकालाचे मंदिर पुन्हा उभारले. शिंदेशाहीत इकडे आलेल्या घराण्यांनी पुरणपोळी सोडली नाही आणि माळव्याचे दाल-बाफलेही आपलेसे केले. हे भूषणच होय. परंतु त्याची किंमत कोण मोजते? डाळ शिजवण्यापासून पोळी लाटण्यापर्यंत सारे जिच्या हातून होते, ती बहुधा पंक्तीला नसतेच. आम्ही ऊन पोळीवर तूप ओढून परंपरेचे गोडवे गावे आणि तिने मागाहून निवलेले खावे, हाच आमचा कुलाचार काय?

‘तिलाच ते आवडते,’ असा बचाव केला जातो. साक्षीदाराला न विचारता नोंदलेली ही साक्ष कोणते न्यायालय मानील? 2005 च्या दुरुस्तीने हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क मिळाला; पंक्तीतल्या पानावरचा हक्क मात्र कोणताही कायदा देणार नाही. तो आपणच द्यावयाचा आहे. येत्या पाडव्याला पुरण पुरुषांनी वाटावे आणि रांधणारी पानावर बसल्यावाचून कोणी चित्राहुती घालू नये. एवढे ज्यांना जमत नाही, त्यांनी परंपरेचे नाव घेऊ नये.