संगणकविद्येचें माप

बाजारांत धान्य घेतांना आपण प्रथम माप पाहतों. माप खोटें असेल तर धान्य कितीहि उत्तम असलें तरी व्यवहार फसतो. विद्येचेंहि तसेंच आहे. चौथींतील मुलास गोष्टीचें पुस्तक न अडखळतां वाचतां यावें, सातवींतील मुलीस व्याजाचें उदाहरण सोडवितां यावें, हें माप आमच्या युसूफ वडगांवांतील निरक्षर आजीबाईसहि ठाऊक आहे. आणि नातवंड त्या मापास उतरलें नाहीं तर ती गुरुजींस जाब विचारण्यास कचरत नाहीं. परंतु संगणकाच्या बाबतींत असें कोणतेंहि माप लोकांच्या मनांत नाहीं. पालक शाळेंत येऊन विचारतात, "येथें संगणक आहेत ना?" शाळा सांगते, "आहेत." एवढ्यावर दोन्ही पक्षांचें समाधान होतें. पांचवी संपतांना मुलास काय कळलें पाहिजे, आठवी संपतांना काय करतां आलें पाहिजे, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं. यंत्रें मोजणें म्हणजे विद्या मोजणें नव्हे, इतकी साधी गोष्ट आमच्या वाचकांपुढें मांडावी, या हेतूनें हा लेख आम्ही लिहीत आहों.

हा प्रश्न आतां दूरच्या विद्वानांपुरता राहिलेला नाहीं. २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें माध्यमिक शाळेच्या आधींच मुलांस आज्ञावली रचण्याची ओळख करून द्यावी असें म्हटलें. पुढें ऑक्टोबर २०२५ मध्यें केंद्रीय शिक्षण मंत्रालयानें असें जाहीर केलें कीं, २०२६-२७ पासून कृत्रिम बुद्धिमत्ता व संगणकीय विचारपद्धति हे विषय तिसऱ्या इयत्तेपासून शाळांतून यावे. तिसरींतील मूल म्हणजे आठ-नऊ वर्षांचें लेंकरूं. त्यास काय शिकवावें व तें शिकलें कीं नाहीं हें कशावरून ओळखावें, याचा विचार प्रत्येक आईबापानें केला पाहिजे.

मागील अनुभव काय सांगतो? १९८४-८५ सालीं केंद्र सरकारनें शाळांतून संगणकसाक्षरतेचा एक प्रयोग आरंभिला. 'क्लास' या नांवानें तो ओळखला जाई. बी.बी.सी. मायक्रो नांवाचीं विलायती यंत्रें सुमारें अडीचशें शाळांस देऊन त्याची सुरुवात झाली. पुढें डिसेंबर २००४ मध्यें शाळांतील माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाची दुसरी मोठी योजना आली. हेतु दोन्ही वेळां चांगलाच होता. परंतु आधीं यंत्र आणि मग त्या यंत्रावर जें चालेल तें शिक्षण, असा क्रम आपल्याकडे पडून गेला. यंत्र जुनें झालें कीं त्याबरोबर शिकलेलेंहि जुनें झालें.

पाठ्यपुस्तकांतहि हाच क्रम दिसतो. २०१७ सालीं आपल्या राज्यांत नववीच्या विज्ञानाचें जें नवें पुस्तक निघालें, त्यांत या विषयास एक स्वतंत्र धडा दिला गेला, ही आनंदाची गोष्ट. पण त्या धड्याचा मोठा भाग एका विशिष्ट कंपनीच्या साधनांनीं मजकूर कसा लिहावा, तक्ता कसा करावा, कोठें कळ दाबावी, याच्या पायऱ्यांनीं भरला. बारावीच्या द्विलक्षी अभ्यासक्रमांत संगणकशास्त्र घेणारे विद्यार्थी कित्येक वर्षें ८०८५ या सूक्ष्मप्रक्रियकाच्या आज्ञा पाठ करीत असत. हा प्रक्रियक १९७६ सालचा. त्याच्या अभ्यासानें यंत्राचें अंतरंग कळतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. तथापि अंतरंग कळणें निराळें आणि आज्ञांचे अंक घोकणें निराळें. बोरूनें लिहिणारा मनुष्य पुढें टाकानें लिहूं लागला, टाक टाकून झरणी घेतली, तरी त्याची अक्षरओळख वाया गेली नाहीं. कारण तो अक्षर शिकला होता, बोरू नव्हे. संगणकाच्या शिक्षणांत आम्हीं बहुधा बोरूच शिकविला.

हा क्रम उलटा करण्याचे प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं, आणि त्यांतील एक तर आपल्याच महाराष्ट्रांत झाला. मुंबईस पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत प्राध्यापक श्रीधर अय्यर व त्यांचे सहकारी यांनीं २००७ सालीं शाळांसाठीं संगणकशास्त्राचा एक नमुना अभ्यासक्रम सिद्ध केला. कोणत्या कंपनीचें साधन वापरावें यापेक्षां कोणत्या वयांत विचाराची कोणती शक्ति यावी, यावर त्याचा भर आहे. त्यावरून निघालेल्या 'कॉम्प्युटर मस्ती' या पुस्तकमालेंत तेजस व ज्योति हीं दोन मुलें मोझ नांवाच्या सोबत्याशीं बोलत बोलत कामाचे लहान भाग पाडण्यास व ते क्रमानें लावण्यास शिकतात. २०१६ सालीं ए.सी.एम. इंडिया या संस्थेनें 'सीएसपाठशाळा' नांवाचा उपक्रम चालू केला. त्यांत संगणकावांचूनहि संगणकीय विचार कसा शिकवावा, याचे पाठ आहेत. न्यूझीलंडमध्यें प्राध्यापक टिम बेल व त्यांचे सहकारी यांनीं हाच मार्ग १९९० नंतरच्या दशकांत चोखाळला होता. इंग्लंडांत २०१४ सालीं सरकारनें जुना साधनप्रधान विषय काढून त्या जागीं संगणनाचा नवा विषय आणला. अमेरिकेंतील संगणकशास्त्राच्या शिक्षकांच्या संघटनेनें २०११ सालीं शालेय निकष प्रसिद्ध केले व २०१७ सालीं ते पुनः तपासून सुधारले. म्हणजे मार्ग अगदींच अनोळखी नाहीं. प्रश्न इतकाच आहे कीं, या मार्गावरील मैलाचे दगड आमच्या खेड्यांतील मुलाच्या पावलांचा अंदाज घेऊन रोवले जाणार आहेत काय?

निकष कसा असावा, हें उदाहरणानें स्पष्ट करूं. "पांचवीच्या विद्यार्थ्यास चित्र काढण्याचें अमुक साधन वापरतां येतें," हा निकष नव्हे. "सात ओळी व सात ठिपके यांची रांगोळी न दाखवितां, केवळ शब्दांनीं सांगून, पांचवींतील मुलीस ती दुसरीकडून काढून घेतां येते, आणि कोठें चुकलें तर कोणती सूचना अपुरी होती हें शोधतां येतें," हा निकष. आज्ञावली म्हणजे तरी दुसरें काय? ज्यास स्वतःची समजूत नाहीं अशा यंत्रास क्रमवार व निःसंदिग्ध सूचना देणें. ज्या मुलीस हें साधलें तिला पुढें कोणतीहि संगणकभाषा परकी वाटणार नाहीं.

सातवींच्या मुलासाठीं दुसरा नमुना घ्यावा. हजेरीपटांत हजार नांवें वर्णक्रमानें लिहिलीं आहेत. त्यांतील एक नांव हुडकावयाचें आहे. पहिल्यापासून एकेक पाहत गेल्यास हजार वेळां पाहण्याची पाळी येईल. उलट, पट मधोमध उघडून नांव अलीकडे कीं पलीकडे हें ठरविलें, नको असलेला अर्धा भाग सोडला, उरलेल्याचे पुनः दोन भाग केले, असें करीत गेल्यास फार तर दहा वेळां पाहून नांव सांपडतें, अथवा तें पटांत नाहीं असें निश्चित कळतें. मात्र पट क्रमानें लावलेला नसेल तर ही युक्ति फुकट जाते. असें कां होतें, हें ज्या मुलानें स्वतः शोधलें, त्यास संगणकशास्त्रांतील एक मोठें तत्त्व कळलें. आणि त्यासाठीं विजेचा एक दिवाहि लागला नाहीं.

तिसरा नमुना आमच्या बीड जिल्ह्याच्या जिव्हाळ्याचा आहे. दिवाळीच्या सुमारास आमच्या भागांतील हजारों कुटुंबें उंसतोडणीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील कारखान्यांकडे जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल, रोजच्या खेपांचें वजन, टनामागें ठरलेला दर, मध्यंतरीं घेतलेले पैसे, हा सारा हिशेब बहुधा मुकादमाच्या वहींत असतो. कोयता चालविणाऱ्याच्या हातीं कांहीं नसतें. आठवींतील मुलीस हा हिशेब रकाने आंखून मांडतां यावा, एक आंकडा बदलल्यास शेवटची बाकी कशी बदलते हें सूत्रानें काढतां यावें, आणि वजनाची चिठ्ठी व वहींतील नोंद जुळते कीं नाहीं हें ताडून पाहतां यावें, असा निकष आम्ही लिहूं. प्रथम हें कागदावर, मग संगणकावर किंवा घरच्या मोबाइलवर. असा तक्ता ज्या घरांत मांडला जाईल, त्या घरास कोणी सहज फसवूं शकणार नाहीं. संगणकविद्या पोटापाण्यास उपयोगी पडावी असें जें सर्वजण म्हणतात, त्याचा पहिला प्रत्यय नोकरीची वाट न पाहतां असा येतो.

याच कुटुंबांच्या मुलांमुळें निकषांचें दुसरें एक महत्त्व आमच्या ध्यानीं येतें. जें मूल आईबापांबरोबर फडावर जातें, त्याचे शाळेचे चार-पांच महिने बुडतात. हंगामी वसतिगृहें आहेत; पण प्रत्येक मूल मागें राहतेंच असें नाहीं. अभ्यासक्रम महिन्यांच्या हिशेबानें आंखला असेल, तर परत आलेलें मूल कायमचें मागें पडतें. परंतु तो पायऱ्यांच्या हिशेबानें आंखला असेल, तर गुरुजी पाहतील, या मुलास सूचनांचा क्रम लावतां येतो, शोधण्याची युक्ति अजून यावयाची आहे. आणि तेथून पुढें त्याचें शिक्षण चालू करतील. चांगला निकष मुलास नापास करण्यासाठीं नसतो. तें जेथें थांबलें तें ठिकाण सांपडावें म्हणून असतो.

येथें कोणी चतुर वाचक आम्हांस अडवील. तो म्हणेल, "संगणकावांचून संगणक शिकविणें म्हणजे विहिरीवांचून पोहणें शिकविणें. शहरांतील मुलांस यंत्रें आणि खेड्यांतील मुलांस रांगोळी, हा कोणता न्याय?" हा आक्षेप खरा आहे व आम्ही तो मान्य करतों. हात-पाय कसे मारावे हें कांठावर सांगतां येतें. पण अखेर पाण्यांत उतरलेंच पाहिजे. आपण लिहिलेली आज्ञावली यंत्रानें नाकारली, चूक शोधली, पुनः नाकारली, आणि अखेर ती चालली, हा अनुभव कागद देऊं शकत नाहीं. म्हणून आमचें म्हणणें असें आहे कीं, निकषांच्या पत्रकास दोन रकाने असावे. एका रकान्यांत मुलास काय आलें पाहिजे तें लिहावें. दुसऱ्यांत त्यासाठीं शाळेस काय मिळालें पाहिजे तें लिहावें: आठवड्यांतून किती तास प्रत्येक मुलाचा हात यंत्रास लागावा, वीज गेल्यास काय सोय असावी, शिक्षकास किती दिवसांचें शिक्षण मिळावें. पहिला रकाना मुलास बांधतो, दुसरा सरकारास व व्यवस्थापकांस बांधतो. केवळ मुलास बांधणारें माप हें खोटें माप होय.

शिक्षकांविषयीं दोन शब्द अवश्य सांगितले पाहिजेत. पुस्तक आधीं छापून शिक्षकास मागाहून जागें करण्याची रीति आम्हीं पुष्कळ पाहिली आहे. खेड्यांतील शाळेंत गणिताचे अथवा विज्ञानाचे गुरुजीच हा विषय शिकवितात. तेव्हां निकष ठरविणाऱ्या मंडळींत विद्यापीठांतील पंडितांबरोबर असे दोनचार गुरुजी व बाई अवश्य असाव्या. कोणतें वाक्य वर्गांत उतरतें आणि कोणतें कागदावरच राहतें, हें त्यांजइतकें कोणास कळणार?

तिसरीपासून कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवावयाची म्हणजे काय, याचेंहि उत्तर या मापानें मिळतें. असंख्य नमुने पाहून हें यंत्र उत्तर जुळवितें; त्यानें पाहिलेले नमुने चुकीचे अगर अपुरे असतील तर तें तितक्याच ठामपणें चुकीचें उत्तर देतें. लहान मुलास एवढें कळलें व "हें तुला कशावरून कळलें?" असा प्रश्न विचारण्याची संवय लागली, तर तिसरीच्या मानानें तें पुरेसें आहे. यंत्राकडून निबंध लिहवून घेण्याचें कसब हा निकष होऊं नये. तशा निबंधानें वही भरते, मन रिकामें राहतें.

पालकांस आमची विनंति आहे कीं, पुढील वेळीं शाळेंत याल तेव्हां यंत्रांची संख्या विचारूं नका. "आमच्या मुलास यंदा या विषयांत काय करतां येऊं लागलें, तें दाखवा," असें म्हणा. शाळेस हा प्रश्न जड जाईल, तरीहि विचारा. भारी शुल्क घेऊन थोड्या महिन्यांत मुलास आज्ञावलीकार करूं म्हणणाऱ्यांसहि हाच प्रश्न विचारा, म्हणजे तुमचे कष्टाचे पैसे वांचतील.

आणि विद्यार्थी मित्रहो, यंत्र मिळेल तेव्हां मिळेल. त्यासाठीं तुमचें डोकें थांबवून ठेवूं नका. एखादें काम दुसऱ्यास सांगावयाचें असेल तर त्याचे भाग पाडा, क्रम लावा, चूक झाली तर माणसावर न रागावतां सूचना तपासा. ज्यास ही संवय लागली तो यंत्रापुढें बसेल तेव्हां यंत्राचा धनी म्हणून बसेल. आमच्या मुलांनीं त्यापुढें नोकर म्हणून बसूं नये, हीच या मापामागील आमची सारी तळमळ आहे.