मलिक अंबर आपला कोण?

या अंकाच्या मुखपृष्ठावर मलिक अंबर आहे. अंक छापायच्या आधीच दोन साथींनी मला झापलं. एक म्हणाला, हबशी सरदार आपल्या अंकावर कशाला? दुसरा म्हणाला, बाबासाहेब टाक नाहीतर ढसाळ टाक, हा आपला कोण? उत्तर देणं भाग आहे.

यंदा जयंतीला फुलसावंगीला, माझ्या गावी, गेलो होतो. वस्तीतला एक पोरगा मोबाईलवर 2018 चा 'ब्लॅक पँथर' बघत होता, हिंदीतला. मला विचारतो, "भाऊ, हा आपलाच पँथर हाये का?"

मी हसलो. मग त्याच्याजवळ बसून सांगितलं. चित्रकथेतला हा पँथर 1966 चा. त्याच वर्षी अमेरिकेत ओकलंडला काळ्या पोरांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला. त्यांच्या पेपरात एमरी डग्लस चित्रं काढायचा. जाड काळी रेघ, राबणारी माणसं, बंदुका. ती चित्रं माझ्या मोबाईलमध्ये आहेत. 1972 मध्ये मुंबईत आपल्या पोरांनी तेच नाव उचललं. त्याच्याही आधी, 1873 मध्ये, जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती काळ्यांची गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या माणसांना. 1946 मध्ये बाबासाहेबांनी तिथल्या डु बॉईस यांना पत्र लिहिलं.

म्हणजे सोयरीक जुनी आहे. पण आपण ती कायम समुद्रापलीकडं जोडली. पैनगंगेपलीकडं मराठवाड्यात एक काळा माणूस पुरलाय, त्याचं नाव त्या पोराला माहीत नव्हतं. खरं सांगतो, पोराच्या वयात मलाही नव्हतं.

मी गोदीत हमाली करतो. माल कसा उतरतो, मोजला जातो, कसा हात बदलतो हे रोज बघतो. सोळाव्या शतकात इथिओपियातलं एक पोर असंच माल म्हणून विकलं गेलं. एकदा नाही, अनेकदा. मालक बदलले, नावही बदललं. शेवटी अहमदनगरच्या निजामशाहीत येऊन पडलं. तोच मलिक अंबर पुढं निजामशाहीचा कारभारी झाला. 1610 मध्ये त्यानं खडकी वसवली, जमिनीखालून नहर काढून शहराला पाणी दिलं. 1624 मध्ये भातवडीला मुघल आणि आदिलशाही फौजा मोडल्या. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं होते.

जहांगीर बादशहाला अंबर कधी हाती लागला नाही. मग त्यानं काय केलं? चित्र काढवून घेतलं. चित्रकार अबुल हसन, साल 1616 च्या आसपास. भाल्यावर अंबरचं तुटलेलं काळं डोकं आणि त्यावर बाण मारणारा बादशहा. अंबर तेव्हा जिवंत होता, 1626 मध्ये स्वतःच्या मरणानं मेला. पण चित्र राहिलं. दोस्तांनो, प्रस्थापितांची कला अशी असते. रणात जमलं नाही ते कागदावर उरकते.

आता खडकी कुठं आहे? तेच पुढं औरंगाबाद झालं, आज छत्रपती संभाजीनगर. तिथंच बाबासाहेबांनी 1950 मध्ये कॉलेज काढलं. तिथल्याच विद्यापीठाच्या नामांतरासाठी 1978 ते 1994 आपली माणसं लढली, जळाली, मेली. त्या शहराचा पाया एका विकल्या गेलेल्या माणसानं घातला. तरी विचारता, हा आपला कोण?

अंबरची आरती मात्र करायची नाही. त्यानं गुलामगिरी मोडली नाही. एक गुलाम वर चढला म्हणून बाजार बंद होत नसतो. आपल्यातला एक मंत्री झाला म्हणून वस्तीतलं गटार बुजत नाही, तसंच. आणि हबशी म्हणजे फक्त सरदार नव्हेत. उत्तर कन्नडच्या यल्लापूर-हल्याळ भागात सिद्दी आजही मजुरी करतात, कोकणी बोलतात. त्यांना अनुसूचित जमातीत घ्यायला 2003 उजाडावं लागलं. आपल्या किती अंकांत ते आले? एकाही नाही. ही चूक माझीही.

म्हणून मुखपृष्ठ बदलणार नाही. आमच्या चित्रात अंबरचं डोकं धडावर आहे.

फुलसावंगीच्या पोराला हा अंक पाठवतोय. खुलदाबादला अंबरची कबर आहे, पुढच्या सुट्टीत एस.टी.नं दोघं जाऊ. तुम्हीही जा. बघा, आणि लिहून पाठवा.

जय भीम.