छर्‍याची बंदूक आणि सशाचं डोकं

परवा दारव्ह्याला गेलो होतो. जेवणं झाल्यावर चुलतभावाने हळूच विचारलं, "दादा, तू इंजिनियर हायेस. सशासाठी कोनती छर्‍याची बंदूक घेऊ? नेम बरोबर बसला पायजे."

प्रश्न आवडीचा होता, त्यामुळे आधी नेमाबद्दलच बोललो.

दुकानदार ताकद विकतो. पण नेम ताकदीवर नाही, नळी आणि छर्‍याच्या जोडीवर ठरतो. एकाच मॉडेलच्या दोन बंदुकांनाही वेगवेगळे छर्रे मानवतात. म्हणून तीन-चार प्रकारचे डबे घ्यायचे, बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवायची आणि १० मीटरवर प्रत्येक डब्यातले पाच-पाच छर्रे कागदावर मारायचे. ज्याची भोकं सगळ्यात जवळ पडतील, तो आपला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आपण कोडमधला बग शोधतो तसंच.

टोकदार छर्रे दिसायला जबरदस्त, पण टोक जरा वाकडं असलं की भरकटतात. चपट्या तोंडाचे कागदाला स्वच्छ भोक पाडतात, पण लांबवर लवकर मंदावतात. लांबच्या नेमाला गोल डोक्याचेच बरे. आणि स्प्रिंगची बंदूक आवळून धरायची नाही. छर्रा नळीबाहेर पडायच्या आधीच ती हादरते, त्यामुळे हलक्या हाताने आणि दर वेळी सारखीच धरायची.

भाऊ खूश. मग मी त्याला हिशोब घातला. टेकवून मारताना १० मीटरवर १ सेंटीमीटरचा ग्रुप आला, तर ३० मीटरवर तो कमीत कमी ३ सेंटीमीटरचा होणार. शेतात टेकू नाही, वारा आहे, धाप लागलेली आहे आणि ससा काही पोज देऊन बसत नाही. अर्धा ग्रॅमचा छर्रा १७५ मीटर प्रतिसेकंद वेगाने गेला तरी ऊर्जा भरते साधारण साडेसात ज्यूल. एवढ्याशा ऊर्जेने ससा जागीच मरायचा तर लिंबाएवढ्या जागेत छर्रा बसायला हवा. चुकला तर ससा मरत नाही, छर्रा घेऊन पळतो.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. दहावीच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी एका तितरावर बंदूक चालवली होती. पंखाला लागलं. तो फडफडत तुरीत शिरला. तासभर शोधला, सापडला नाही. रात्री जेवण गेलं नाही आणि घरी खरं कारणही सांगितलं नाही. तेव्हा मी स्वतःला चांगला नेमबाज समजत होतो.

आता कायदा. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटर आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. यावरून बरेच जण शिकारही चालते असं धरून बसतात. ससा आणि तितर दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. त्या कायद्यात नुसतं जखमी करणं, इतकंच काय प्रयत्न करणंसुद्धा शिकारच आहे. "नेम चुकला साहेब" हा काही बचाव नाही. रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त केलं तर राग येणारच, पण त्याचा रस्ता वनखात्याकडून जातो. छर्‍याने डुक्कर फक्त चिडतं.

माझं मत विचाराल तर, बंदूक घ्यावी, जरूर घ्यावी. पण कागदासाठी. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा असतो. त्यासाठी खेळाडू छर्‍याच्या डोक्याचं माप ४.४९ की ४.५० इथपर्यंत बघतात. याच प्रकारात अभिनव बिंद्राने २००८ ला बीजिंगमध्ये सुवर्णपदक मिळवलं आणि ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ ला कैरोत जगज्जेता झाला. ज्याला नेमाची खरी हौस आहे त्याला अर्ध्या मिलिमीटरपुढे ससा म्हणजे फारच ढोबळ निशाण.

भाऊ म्हणाला, "मंग मजा काय राह्यली?"

दुसर्‍या दिवशी सकाळी गोठ्यामागच्या मातीच्या ढिगार्‍यासमोर कागद लावला आणि काकांची जुनी बंदूक त्याच्या हातात दिली. पाच छर्रे मारले. दोनच कागदाला लागले. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला, मग म्हणाला, "अजून एक डबा आन बरं दादा."

सशाचं नाव काही परत निघालं नाही.