गोठलेल्या धबधब्यावर

बालदोस्तांनो, आपल्या आगाशीत बर्फ म्हटला की डोळ्यांसमोर येते ती अर्नाळ्याला मासळीसाठी लागणारी बर्फाची लादी. कधी नीट पाहिली आहेत का ती? कडेला काचेसारखी नितळ आणि मधोमध पांढरी! कारखान्यात पाण्याने भरलेले पत्र्याचे डबे अतिशय गार खारट पाण्यात बुडवून ठेवतात. डब्यातलं पाणी बाहेरून आत गोठत जातं, त्यात विरघळलेली हवा मध्ये ढकलली जाते आणि तिथेच अडकते. म्हणून तो पांढरा पट्टा. हे ध्यानात ठेवा हं. आज आपण जिथे जाणार आहोत, तिथे बर्फाची जात ओळखता आली नाही तर जिवावर बेतू शकतं.

आपला चिंचोटीचा धबधबा पावसाळ्यात धो धो कोसळतो, मग रोडावतो. गोठत मात्र कधीच नाही. पण जानेवारीत लडाखला किंवा हिमाचलातल्या स्पितीला जा. पारा शून्याखाली २० अंशांपर्यंत उतरतो. कड्यावरून झिरपणारं पाणी थराथराने गोठतं आणि चक्क बर्फाचा उभा खांब तयार होतो. आणि त्यावर माणसं चढतात!

कशी? बुटांना पोलादी काटे बांधून. त्यांना म्हणतात क्रॅम्पॉन. ऑस्कर एकेनस्टाइन या इंग्रज गिर्यारोहकाने १९०८ साली १० काट्यांचा क्रॅम्पॉन आखला. पण ते काटे सगळे खाली तोंड करून. उभ्या बर्फावर त्यांचा काय उपयोग? पुढे १९२९ च्या सुमारास इटलीच्या लोरां ग्रिव्हेलने चवड्यापुढे आणखी २ काटे काढले आणि लाथ मारून बर्फात पाय रोवता येऊ लागला. हातात दोन छोट्या कुऱ्हाडी. त्यांचं टोक १९६० च्या दशकात वाकडं झालं, कारण सरळ टोक बर्फातून निसटायचं. एवढासा बाक, पण केवढा फरक!

आता चढाई. निघायचं पहाटे, काळोखात. ऊन पडलं की बर्फ खडकापासून सुटू लागतो. पहिला घाव घालायचा आणि कान द्यायचा. घट्ट ‘ठक्’ आलं तर ठीक, पोकळ ‘ढब’ आलं तर तिथे भार टाकायचा नाही. घाव खोलगट जागी घालायचा. फुगीर जागी घातलात तर, टोच्याने लादी फुटते ना, तस्से ताटलीएवढे तुकडे उडतात. म्हणूनच दोर सांभाळणारा जोडीदार कधी चढणाऱ्याच्या बरोब्बर खाली उभा राहत नाही.

दर थोड्या अंतरावर पोकळ पोलादी स्क्रू पिळून बर्फात बसवायचा आणि त्यात दोर अडकवायचा. इथे नितळ, दाट बर्फच हवा. हवेने भरलेल्या पांढऱ्या बर्फात स्क्रू नीट धरत नाही. हे सगळं हात डोक्यावर धरून! बोटं बधिर होतात आणि हात खाली घेतले की रक्त परत येताना अशा कळा येतात की भले भले रडतात.

आणि चढता चढता बर्फामागे पाण्याची खळखळ वाढली, वरून थेंब गळू लागले तर? तर सरळ उतरायचं. माथा १० फुटांवर असला तरी. मला विचाराल तर या खेळातलं सर्वांत अवघड काम तेच.

आईबाबांनो, हट्ट झाला तर घाबरू नका, पण चिंचोटीला ‘सराव’ करायलाही पाठवू नका. तिथे पावसाळ्यात माणसं बुडाली आहेत. रीतसर शिकायला उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ पासून आहे. बर्फावरची चढाई शिकूनच आपली मराठी मंडळीही हिमालयात गेली. १९९८ साली पुण्याच्या सुरेंद्र चव्हाणांनी एव्हरेस्ट गाठलं, २०१२ साली पुण्याच्याच ‘गिरिप्रेमी’च्या ८ जणांनी.

जाता जाता एक गंमत. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या उरे गावी घळीच्या काठाने पाइप टाकून थंडीत पाणी सोडतात आणि चढाईसाठी मुद्दाम बर्फ ‘पिकवतात’. लडाखमध्ये सोनम वांगचुक यांनी २०१३ च्या सुमारास असाच पाइप लावून बर्फाचे शंकू उभे केले, ते मात्र शेतीसाठी. एप्रिल-मे महिन्यांत पेरणीला पाणी हवं असतं, तेव्हा ते हळूहळू वितळतात.