टाकीतलं मटण आणि शाळेतलं अंडं

वस्तीतल्या शिबिरात आम्ही बोटाला सुई टोचून हिमोग्लोबिन तपासतो. सात, आठ हे आकडे नेहमीचेच. "ताई, मटण-अंडी कधी खाता?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "पगार झाला तर एखाद्या रविवारी."

तिकडे जगात जनावर न कापता मटण बनवायची तयारी चालली आहे. जिवंत जनावराच्या थोड्या पेशी काढून पोषक द्रवात, मोठ्या टाक्यांत वाढवायच्या. २०१३ मध्ये लंडनला असा पहिला बर्गर खाऊन दाखवला, त्याचा खर्च अडीच लाख युरो. २०२० मध्ये सिंगापूरने आणि २०२३ मध्ये अमेरिकेने अशा चिकनच्या विक्रीला परवानगी दिली.

यामागची चिंता खोटी नाही. माणसामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंपैकी १४.५ टक्के पशुपालनातून येतात, असं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये सांगितलं. पण हा भार कोणाच्या ताटामुळे वाढला? अमेरिकेत माणशी वर्षाला शंभर किलोच्या वर मांस लागतं, भारतात दहा किलोही नाही. शिवाय त्या टाक्यांना भरपूर वीज लागते. ती कोळशावरची असेल तर फायदा कमीच.

आम्ही विज्ञानाच्या विरोधात नाही. पण आमच्या ताटाचा निर्णय आम्हाला न विचारता होतो, हा अनुभव आहे. २०१५ मध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली आणि मोठ्याचं स्वस्त मटण कित्येक घरांतून गेलं. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) सांगतं. मांसातलं लोह शरीर सहज शोषून घेतं. म्हणून "मांस कमी खा" हा सल्ला सगळ्यांना सारखा लागू होत नाही.

टाकीतलं मटण स्वस्त होईल तेव्हा होईल. आज जमेल ते करू या. सुकट, अंडी, पालेभाजीवर लिंबू; जेवणाबरोबर चहा नको; लोहाच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत.

आणि एक मागणी लावून धरू या. शाळेच्या पोषण आहारात २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं सुरू झालं होतं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी बंद केला. पुढच्या पालकसभेत प्रत्येक आईने उठून विचारावं, "आमच्या लेकरांचं अंडं कुठे गेलं?"